‘नफा भागिले शेअर’ इतक्यावर भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अर्थविषयक पानावर ‘प्रति शेअर कमाई म्हणजे काय?’ अशी चौकट होती. सूत्र दिलं होतं : निव्वळ नफा भागिले एकूण शेअर. खाली ‘इतकं सोपं!’ असंही छापलं होतं, उद्गारचिन्हासकट. हे पत्र त्या उद्गारचिन्हासाठी आहे. कारण याच सूत्रापायी मी भर उन्हात सीताबर्डीला जाऊन एका निरपराध मुलाशी भांडून आले आहे.

आधी माझी ओळख सांगते. इथल्या, म्हणजे नागपूरच्या, सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयात मी नोकरी केली, त्यातली बहुतेक वर्षं पेन्शनच्या कामात गेली. सरकारी हिशेबात जमा असते, खर्च असतो, आक्षेप असतात, ईपीएस, म्हणजे प्रति शेअर कमाई, नसतो. तो माझ्या आयुष्यात आला २०२१ मध्ये, हे गेल्यावर. यांच्या डीमॅट खात्यातले शेअर माझ्या नावावर होता होता सात महिने गेले. (दुसऱ्यांच्या पेन्शनची प्रकरणं निकाली काढण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या वेळी मृत्यूच्या दाखल्याच्या अकरा प्रती काढाव्या लागल्या, तो विषय वेगळा.) त्या यादीत टाटा मोटर्सचं नाव दोनदा होतं. एकदा साधे शेअर, आणि दुसऱ्यांदा त्याच नावापुढे ‘ए’ आणि ‘डीव्हीआर’, नग ३००. मला वाटलं चुकून दोनदा छापलं असेल. (डीव्हीआर म्हणजे मताचा हक्क कमी असलेला वेगळा शेअर, हे नंतर कळलं.)

मे २०२३ मध्ये कंपनीचे वार्षिक निकाल आले. कंपनीच्या मालकांच्या वाट्याचा एकत्रित नफा साधारण २,४१४ कोटी रुपये, साधे शेअर सुमारे ३३२ कोटी. दुपारी कूलरसमोर बसून एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी भागाकार केला. आला ७ रुपये २७ पैसे. दलालाच्या ॲपवर होता ६ रुपये २९ पैसे. पेन्शनच्या हिशेबात रुपयाचा फरक निघाला तरी आमच्याकडे फाईल परत जायची. इथे तर एकेका शेअरमागे अठ्ठ्याण्णव पैसे कमी! संध्याकाळपर्यंत धीर धरायला हवा होता, पण डोक्याला पदर गुंडाळून तशीच निघाले. दलालाच्या कार्यालयातल्या मुलाला पत्रिका दाखवली आणि म्हटलं, तुमचं ॲप चुकतंय. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्येच तसं येऊन राहिलं.” मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रात्री मुलीला फोन केला. ती सनदी लेखापाल आहे. तिने आकडे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “आई, डीव्हीआर कुठे गेले?”

डीव्हीआर सुमारे ५१ कोटी होते. नफ्यावर त्यांचाही हक्क होता, आणि मी त्यांना पंगतीला बसवलंच नव्हतं. स्वतःचे ३०० शेअर त्यातच असताना!

पुढचं सगळं मला मुलीने महाल भागातल्या आमच्या वाड्यावरून समजावलं, तेच इथे उतरवते. बडकस चौकापासून जवळ माझ्या सासऱ्यांचा जुना वाडा आहे. दोन दुकानं आणि आत तीन बिऱ्हाडं. वर्षाचं भाडं सोयीसाठी १,२०,००० रुपये धरा. त्यातून सर्वांत आधी आत्याबाईंचे, म्हणजे सासऱ्यांच्या विधवा बहिणीचे, १२,००० बाजूला निघतात. सासरे तसं लिहूनच गेलेत. भाडं वाढलं तरी त्यांना बाराच हजार, आणि घटलं तरी आधी त्यांचे बारा हजार. कंपनीच्या भाषेत हा अग्रहक्काचा, म्हणजे प्रेफरन्स शेअर. उरले १,०८,०००. वाटेकरी चार : तीन भाऊ (यांच्या जागी आता मी) आणि पुण्याला स्थायिक झालेले धाकटे भाऊजी. भाऊजींनी फार वर्षांपूर्वी सांगितलं, “कौलं बदला, भाडेकरू बदला, रंग कोणता द्यायचा ते ठरवा, मला काही विचारू नका. पण वर्षाला दोन हजार मला जास्त द्या.” सगळे हसले होते, पण मान्य केलं.

आता भाऊजींचा वाटा किती आणि आमचा किती? इथे दोन चुका हमखास होतात. पहिली माझी : भाऊजींना विसरून १,०८,००० ला तीनने भागायचं, उत्तर ३६,०००. दुसरी चूक दिसायला शहाणी असते : चौघांना धरून भागायचं, उत्तर २७,०००. पण २७,००० कोणाच्याच हातात पडत नाहीत. भाऊजींचे जास्तीचे दोन हजार आधी काढा, उरलेल्या १,०६,००० चे चार भाग करा. आम्हा तिघांना प्रत्येकी २६,५००, भाऊजींना २८,५००. वाडा एकच आणि भाडंही एकच, पण वाट्याचे आकडे दोन.

टाटा मोटर्सचं गणित ओळीनओळ असंच होतं. हे डीव्हीआर कंपनीने २००८ साली हक्कभागांच्या, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या शेअरांच्या, विक्रीत काढले. साधा शेअर ३४० रुपयांना, हा ३०५ ला. मत दहा शेअरमागे एक, आणि त्या बदल्यात लाभांश साध्या शेअरपेक्षा पाच टक्के जास्त. या ‘पाच टक्क्यां’वर मी स्वतः बरेच दिवस फसलेली होते. मला वाटायचं साध्या शेअरला दोन रुपये मिळाले की याला दोन रुपये दहा पैसे, म्हणजे लाभांशाच्या पाच टक्के. उत्तर योगायोगाने बरोबर यायचं, कारण मात्र चूक. पाच टक्के दर्शनी, म्हणजे शेअरवर छापलेल्या, मूल्यावर होते. २०११ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे झाले, तेव्हापासून दर्शनी मूल्य दोन रुपये, आणि त्याचे पाच टक्के म्हणजे दहा पैसे. साध्या शेअरला दोन रुपये मिळोत की चार, डीव्हीआरला वर दहाच पैसे. शेकडो रुपयांचा शेअर घेणाऱ्याला हे दहा पैसे मताची किंमत म्हणून दिले जात होते, हे आमच्या पिढीतल्या किती जणांनी बघून घेतलं असेल? यांनी बघितलं होतं असं मला वाटत नाही. हे फक्त भाव बघायचे.

तर २०२२-२३ चा हिशेब असा. डीव्हीआरचे जास्तीचे दहा पैसे गुणिले सुमारे ५१ कोटी, म्हणजे पाच कोटींच्या वर थोडे, नफ्यातून आधी बाजूला. उरलेला नफा दोन्ही वर्गांच्या मिळून सुमारे ३८३ कोटी शेअरांवर सारखा. साध्या शेअरला ६ रुपये २९ पैसे, डीव्हीआरला ६ रुपये ३९ पैसे. वार्षिक अहवालात दोन ओळी छापलेल्या आहेत, मी बोट ठेवून वाचल्या. दलालाचं ॲप बरोबर होतं.

यात एक खोच आहे, आणि आपल्या चौकटीला तीच नेमकी चुकली. त्या वर्षी कंपनीने साध्या शेअरला लाभांश दिला दोन रुपये, डीव्हीआरला दोन रुपये दहा पैसे. मग बाकीचे ४ रुपये २९ पैसे कोणाचे? ते वाटलेच नाहीत, कंपनीतच राहिले. तरीही ईपीएस काढताना ते वाटले असते तर कोणाला किती गेले असते, असा हिशेब मांडावा लागतो. न वाटलेल्या नफ्यावर दोन्ही वर्गांचा हक्क सारखा, म्हणून दोघांच्या पानात तेच ४.२९. दोन अधिक ४.२९ म्हणजे ६.२९, आणि २.१० अधिक ४.२९ म्हणजे ६.३९. बघा, जुळतं. मला हे जुळलं त्या रात्री साडेअकरा वाजले होते, आणि तरी मी मुलीला पुन्हा फोन केला. तिने उचलला नाही.

तोट्याचं वर्ष असेल तर? वाड्यात एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, तेव्हा भाडं पुरलं नाही आणि चौघांनी सारखी भर घातली. भाऊजींना ‘तुमचे दोन हजार वजा करून द्या’ असं कोणी म्हणालं नाही, आणि त्यांनीही जास्तीचे मागितले नाहीत. टाटा मोटर्सला २०२१-२२ मध्ये तोटा होता, लाभांश नव्हता. दोन्ही वर्गांचा ईपीएस एकच : उणे २९ रुपये ८८ पैसे. जास्तीचे दहा पैसे लाभांशालाच चिकटलेले; लाभांश नाही तर तेही नाहीत.

आत्याबाईंबद्दल थोडं. टाळेबंदीच्या वर्षी दुकानं बंद होती आणि त्यांना काहीच देता आलं नाही. पुढच्या वर्षी मोठ्या भाऊजींनी चोवीस हजार नेऊन दिले. ज्यात मागची बाकी अशी पुढे चालते तो प्रेफरन्स शेअर संचयी. अशा शेअरवरचा त्या वर्षाचा लाभांश, जाहीर झालेला असो वा नसो, ईपीएसच्या नफ्यातून वजा होतोच. म्हणून पुढच्या वर्षी चोवीस हजार दिले तरी त्या वर्षाच्या हिशेबात बाराच हजार वजा करायचे, कारण आधीचे बारा आधीच वजा झालेले आहेत. इथे चांगल्या चांगल्यांची गल्लत होते. मागची बाकी पुढे चालत नसेल, तर जाहीर झाला तेवढाच वजा करायचा.

आता माझ्या पुतण्याचं. तो आयटीत आहे आणि प्रत्येक गोष्ट मोबाईलवर दाखवतो. त्याच उन्हाळ्यात तो म्हणाला, “काकू, हा डीव्हीआर तर अर्ध्यात भेटून राहिला! कमाई तेवढीच, पीई बघ ना.” ईपीएस दहा पैसे जास्त आणि भाव साध्याच्या निम्म्याहून थोडाच वर, मग भाव भागिले कमाई म्हणजे पीई निम्म्याच्या जवळ दिसणारच. मी त्याला पुष्कळ सुनावलं. म्हटलं, ईपीएस फक्त नफ्यातला वाटा सांगतो. मत, खरेदी-विक्रीची वर्दळ, उद्या कोणी कंपनी ताब्यात घ्यायला आलं तर तुला कोण विचारणार, यातलं काहीच सांगत नाही. माझ्या ३०० शेअरांची मतं तीस. तीस मतांनी मुंबईच्या सभेत काय उलथापालथ होणार होती, पण बाजार त्याची किंमत वजा करतो ती करतोच. स्वस्त दिसतो म्हणून स्वस्त समजू नको, असंही म्हटलं.

त्याने ऐकलं नाही, शेअर घेतले. २५ जुलै २०२३ ला कंपनीने जाहीर केलं की डीव्हीआर रद्द करून दहाच्या बदल्यात सात साधे शेअर देऊ. त्या दिवसाच्या भावापेक्षा तेवीस टक्के जास्तीची किंमत! पुतण्या पेढे घेऊन आला. हिशेब माझा बरोबर आणि पैसे त्याचे. असंही होतं.

मात्र कंपनीने कमाईत बरोबरीच्या, किंबहुना दहा पैसे पुढेच असलेल्या शेअरची किंमत रुपयाला सत्तर पैसे ठरवली, हेही खरं. म्हणजे मताची किंमत ईपीएसमध्ये कुठेच दिसत नव्हती, तरी ती होती. दुसऱ्या बाजूने, ५१ कोटींच्या जागी सुमारे ३६ कोटी शेअर उरले, म्हणून एकूण संख्या चार टक्क्यांच्या आसपास घटली आणि तोच नफा थोड्या कमी लोकांत वाटला जाऊ लागला. ज्यांच्याकडे आधीपासून साधे शेअर होते त्यांनाही त्यातून काही मिळालं, नुसते बसल्या बसल्या.

अदलाबदल १ सप्टेंबर २०२४ ला झाली, म्हणजे वर्षाच्या मधोमध, आणि तिथे ‘एकूण शेअर’ हा शब्द पुन्हा फसवा निघतो. कोणत्या दिवशीचे एकूण? मार्चअखेरचे घेतले तर एप्रिल ते ऑगस्ट हे पाच महिने डीव्हीआर नव्हतेच असं होईल. म्हणून जितके दिवस जे शेअर होते त्या प्रमाणात भारित सरासरी काढायची. माझ्यापुरतं सांगते : ३०० डीव्हीआर पाच महिने, म्हणजे वर्षाच्या भाजकात १२५, त्यांच्या जागी आलेले २१० साधे सात महिने, म्हणजे १२२ आणि अर्धा. अर्धा शेअर बघून मला आमच्या कार्यालयातली पूर्णांकन करणारी मंडळी आठवली. इथे ते करायचं नसतं. (माझ्या खात्यात प्रत्यक्षात २१० आलेच नाहीत, कमी आले. कराची रक्कम वळती करण्यासाठी काही शेअर या अदलाबदलीसाठी नेमलेल्या ट्रस्टने आधीच विकले होते. ते कळेपर्यंत मी पुन्हा सीताबर्डीला जाणार होते. या वेळी आधी मुलीला विचारलं.)

सगळ्याच कंपन्यांत दोन आकडे निघतात असंही नाही. आपल्या जळगावच्या जैन इरिगेशनने २०११ मध्ये वीस साध्या शेअरांमागे एक डीव्हीआर बोनस म्हणून दिला. मत दहाला एक, पण लाभांशाचा हक्क साध्यासारखाच. तिथे ईपीएस एकच. मात्र भाजकात दोन्ही धरायलाच हवेत. अमेरिकेत वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेत ‘ए’ आणि ‘बी’ असे वर्ग आहेत. ‘बी’चा नफ्यातला हक्क ‘ए’च्या दीड हजाराव्या हिश्श्याएवढा, आणि मत तर दहा हजाराव्या हिश्श्याएवढं. २०२३ मध्ये ‘ए’चा ईपीएस ६६,४१२ डॉलर होता आणि ‘बी’चा ४४ डॉलर २७ सेंट. तिथे दोन्ही वर्गांचे शेअर नुसते मोजून बेरीज केली तर उत्तराला काही अर्थच उरणार नाही. आधी सगळे एका मापात आणावे लागतात. पायलीत आणि किलोत मोजलेलं धान्य एका बेरजेत घेतो का आपण?

पूर्वी आपल्याकडे असे शेअर काढताच येत नसत. २००० सालच्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ती सोय झाली, २०१३ च्या कायद्यात ती कलम ४३ मध्ये आहे. आणि नफ्यातला हक्क वेगवेगळा असेल तर प्रत्येक वर्गाचा ईपीएस नफा-तोटा पत्रकावरच वेगळा दाखवा, असं भारतीय लेखा मानक ३३ सांगतं. तेव्हा हे आकडे कुठून आणायचे हा प्रश्न नाही. कंपन्या ते छापतात. आपल्या पानावरच्या तक्त्यात मात्र एका कंपनीला एकच ओळ असते.

म्हणून विनंती. ज्या कंपनीचे दोन वर्ग बाजारात आहेत तिला दोन ओळी द्या. जागा नसेल तर त्या सोन्याच्या भावाच्या चौकटीतून दोन ओळी घ्या, ते भाव सगळ्यांना सराफ्यात कळतातच. पीई छापताना ज्या वर्गाचा भाव त्याच वर्गाची कमाई धरा. आणि सूत्र पुन्हा छापाल तेव्हा असं छापा : कंपनीच्या मालकांच्या वाट्याचा नफा, वजा प्रेफरन्सचा लाभांश, मग हक्कांप्रमाणे वर्गवार वाटणी, मग भागिले त्या वर्गाच्या शेअरांची भारित सरासरी. चौकटीत मावणार नाही हे मला कळतं. मग चौकट मोठी करा. ईसॉप्स (कर्मचाऱ्यांना शेअर घेण्याचे दिलेले हक्क), परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) धरून काढतात तो डायल्यूटेड ईपीएस आणखी वेगळा, त्याबद्दल मी लिहीत नाही. मुलगी म्हणते तो तुला पुढच्या उन्हाळ्यात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त वरिष्ठ लेखाकार
त्रिमूर्तीनगर, नागपूर

ता. क. त्याच पानावर एका कंपनीबद्दल ‘ईपीएस निम्म्यावर’ असा मथळा होता. तिने यंदा एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला आहे. बोनस दिला की मागच्या वर्षांचे शेअरही दुप्पट धरून जुना ईपीएस नव्याने काढायचा असतो. आपण मागचा आकडा जुन्या अहवालातून उचललेला दिसतो. नफा निम्मा झालेला नाही, तो मागच्या वर्षीपेक्षा थोडा वाढलाच आहे. माझ्याकडे पाठकोऱ्या पत्रिका अजून बऱ्याच शिल्लक आहेत, मांडलेला हिशेब हवा असल्यास पाठवते.